फाशांच्या भक्तांना: ‘जुना खेळाडू’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना खेळाडू’ यांस,

लेखात मी एवढंच म्हटलं होतं की लिहून खेळायच्या रोलप्लेत, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या पात्राची गोष्ट पोस्टींतून पुढे न्यायच्या खेळात, मारामारीसाठी फासे नकोत. आपण वार करायचा प्रयत्न लिहावा, तो लागला की हुकला हे समोरच्याने लिहावं, आणि अडलं तर पंचाने निकाल द्यावा. त्यावर फाशांची बाजू घेत तुम्ही चार मुद्दे मांडलेत, पहिला हा की पंच दोस्तांकडे झुकतो. खुशाल मांडा. पण “नागपूरच्या ग्रुपात पंच म्हणजे धरमपेठेतल्या चार दोस्तांतला पाचवा” हे वाक्य कशाला हवं होतं जी? टोपणनावाआडून असं लिहायला काय जातं! आणि मी नागपूरच्या महाल भागात राहतो, धरमपेठेत नाही.

मी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून हा खेळ शिकलो. तेव्हा चॅटरूममध्ये कोणीतरी “मी तुझं मुंडकं उडवलं” असं लिहून मोकळा व्हायचा, आणि समोरच्याने करायचं काय, तर मरायचं. गॉडमोडिंग म्हणजे काय, समोरच्याच्या पात्राचं काय झालं हेही आपणच ठरवून टाकणं, ते मी सोसून शिकलोय. अशा मला तुम्ही वशिलेबाज म्हणता!

पंच निकाल देतो तो लिहिलेल्यावर. दोन पोस्टींपूर्वी आपल्या पात्राच्या उजव्या खांद्यात भाला घुसला असं तुम्हीच लिहिलं असेल, तर आता त्याच हाताने तलवार गरागरा फिरवता येणार नाही. यात दोस्ती कुठे आली? इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यातल्या सीताबर्डीच्या लढाईचा प्रसंग आम्ही खेळलो, तेव्हा भोसल्यांच्या बाजूने माझा वर्गमित्र होता. १८१७ मध्ये लहान टेकडी अरब सैनिकांनी घेतली होती, म्हणून त्यालाही ती हक्काने हवी होती. पंच मी होतो, मी दिली नाही. चढण चढून आलेली माणसं दमतात, हे त्याच्या एकाही पोस्टीत नव्हतं. किती दिवस बोलला नाही माझ्याशी, विचारा त्याला.

आणि पंच ही काही आमची नागपुरी टूम नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावरचा जो युद्धखेळ चालायचा, त्यात फासेही होते आणि कोष्टकंही. १८७६ मध्ये त्यांच्याच व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ नावाच्या अधिकाऱ्याने ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा असं सुचवलं. तोही आमचा दोस्तच असेल, नाही का?

तुमच्या वीस बाजूंच्या फाशात १ पडायची शक्यता ५ टक्के, २० पडायचीही ५ टक्के. मुरलेल्या तलवारबाजाला तेवढीच आणि कालच्या पोराला तेवढीच. तुम्ही म्हणाल, पडलेल्या आकड्यात पात्राच्या कौशल्याचे गुण मिळवतात. मिळवतात ना. पण कोणाला किती गुण, हे ठरवतो कोण? पंचच!

एक मान्य करतो. समोरच्याच्या पोस्टीला उत्तर द्यायला आमच्याकडची २४ तासांची मुदत नोकरीवाल्यांना कमी पडते, ती ४८ करू. मी हट्टी नाही.

“अशाने कोणी घाव घेतच नाही, जो तो चुकवत सुटतो” हा दुसरा मुद्दा. ज्याला हरता येत नाही, त्याने लुडो खेळावा. तिसरा फाशांच्या बॉटचा, म्हणजे आपोआप फासे टाकणाऱ्या प्रोग्रामचा. ज्याला लावायचा त्याने लावावा, आमच्याकडे लागणार नाही. चौथ्या मुद्द्यात तुम्ही माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर घसरलात, तेव्हाच समजलो की भात्यातले बाण संपले.