वाडीत कोणी एकटं नसतं?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की एकटेपणा हे शहरातल्या फ्लॅटवाल्यांचं चोचलं आहे, कोकणातल्या वाडीत कोणी एकटं नसतं, आणि तिथे काही बिघडलंच असेल तर मोबाईलमुळे. प्रतिक्रिया मनापासून लिहिलीत, पण मला पटली नाही.

चोचल्याचं आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार गरीब देशांत साधारण २४ टक्के लोकांना एकटेपणा जाणवतो, श्रीमंत देशांत ११ टक्के. तेव्हा हा सुखवस्तूंचा आजार नव्हे.

आता आपली वाडी. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण कमावते पुरुष मुंबईला. खळ्यात बसलेल्या म्हातारीला पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, जाणारा 'काय गो आये, जेवलंस?' विचारतो, हे खरंच. पण तो थांबत नाही. आणि तिच्या बरोबरीची, तिच्याशी भांडू शकेल अशी बाई शेजारी उरलेली नसते. (भांडायलाही माणूस लागतं, हे तुम्ही मान्य कराल.)

मोबाईलवर खापर फोडणं सोपं आहे. पूर्वी माणसं एकमेकांकडे जात ती केवळ जिव्हाळ्याने नव्हे. लावणीला पैरा असायचा: आज तुमच्या मळ्यात आम्ही, उद्या आमच्या मळ्यात तुम्ही. ज्याच्याशी बांधावरून वैर, त्याच्याही चिखलात उतरावं लागे, नाहीतर आपलं भात लावणार कोण? शाकारणीला (म्हणजे गवती छप्पर नव्याने घालायला), कोणाचा माणूस गेला तर लाकडं फोडायला, सगळीकडे हात लागत. पुढे तरणी पोरं गेली, मजुरी परवडेना, माकडं नि रानडुकरं काही ठेवीनात, आणि मळे पड पडले. कौलं आणि पत्रे आल्यावर शाकारणी संपली. गरज संपली तसं येणंजाणंही आटलं. हे सगळं स्मार्टफोन हातात येण्याच्या कितीतरी आधीचं आहे. उलट नातवाचं तोंड रोज दिसतं ते त्या फोनमुळेच. रेंज असेल तर.

'मुलांनी गावी परतावं' हा तुमचा उपाय ऐकायला छान आहे. पण परतून त्यांनी करायचं काय, ते तुम्ही लिहिलं नाहीत. गणपतीत घर भरतं, हा पुरावा म्हणून तर मुळीच चालणार नाही. विसर्जनानंतरच्या आठवड्यात एकदा गावी राहून बघा, मग बोलू.