झटक्याने कुत्र्याची ओढ सुटत नाही

‘कुत्रा लीश ओढतो म्हणजे तुमच्यावर वर्चस्व गाजवतो. चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घाला, ओढलं की झटका द्या, आठवड्यात सरळ होईल. हार्नेस (छाती-पाठीवरून जाणारा पट्टा) तर घालूच नका.’ हा सल्ला भरपूर फिरतोय. त्यानं कुत्र्याला इजा होते, म्हणून हे उत्तर.

वर्चस्वाची कल्पना प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या, बंदिस्त लांडग्यांवरच्या निरीक्षणातून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकानं ती पसरली, आणि १९९९मध्ये त्यांनीच ती खोडली: रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, वर्चस्वासाठी झुंजणारे प्रतिस्पर्धी नव्हेत. कुत्रा ओढतो, कारण त्याची चाल आपल्यापेक्षा जलद असते आणि ओढलं की तो खांबापाशी पोहोचतो.

झटका थेट श्वासनलिकेवर बसतो. गळ्यावर ताण आला की डोळ्यांतला दाबही वाढतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हा धोका जास्त. शिवाय समोर दुसरा कुत्रा असताना झटका दिला, तर वेदनेचा संबंध त्या कुत्र्याशी जुळतो. मग भुंकणं वाढतं.

हार्नेसबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. कडी पाठीवर असेल तर कुत्रा छाती लावून आरामात ओढतो. छातीवरच्या कडीत लीश अडकवली, तर ओढताच तो बाजूला वळतो. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, काखेत घासू नये. पण हार्नेस ओढ आवरतो, चालायला शिकवत नाही.

शिकवायचं असं: दीड-दोन मीटरची साधी लीश घ्या. आपोआप गुंडाळणारी नको. ती कायम ताणलेली असते, त्यामुळे ताण आला की पुढे जायला मिळतं हेच कुत्रा शिकतो. सुरुवात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, पाच-दहा मिनिटं. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. लीश सैल असताना दर दोन-तीन पावलांना एक तुकडा द्या, तोही मांडीवर, पँटच्या शिवणीला हात टेकवून. हात पुढे केलात तर कुत्रा पायात येतो. लीश ताणली की थांबा, मागे खेचू नका; सैल झाली की चाला. जमू लागलं की पाच, मग आठ पावलांनी द्या. हुंगायला सोडणं हेही बक्षीसच. बहुतेकांचं बिघडतं ते इथं: नऊ वेळा थांबतात, दहाव्यांदा घाईत ओढू देतात. अधूनमधून फळणारी सवय सर्वांत चिवट. त्यामुळे आठवड्याचा हिशेब सोडा, काही आठवडे धरा. घाई असेल त्या दिवशी लीश पाठीच्या कडीत लावा आणि सराव फक्त छातीच्या कडीवर करा, म्हणजे दोन्हींची गल्लत होत नाही.

भटका कुत्रा दिसताच झेपावणाऱ्याचं वेगळं. आपला कुत्रा त्याला बघतो पण अजून भुंकत नाही, तेवढं अंतर राखा आणि त्याच क्षणी तुकडा द्या. गल्लीच्या वळणावर अचानक गाठ पडली, तर तुकडा नाकापाशी धरून उलटं फिरा.