हातोडी आत जाणार नाही

मी यादी वाचणारा माणूस आहे. औषधाच्या खोक्यातला तो घड्या घातलेला कागद मी दोन्ही बाजूंनी वाचतो आणि पुन्हा त्याच घड्यांवर बसवायचा प्रयत्न करतो. त्यामुळे भाच्याने मला तीन दिवस तंबूत राहायच्या संगीत महोत्सवाला न्यायचा घाट घातला, तेव्हा गाणार कोण आहे याची चौकशी न करता मी आधी ‘सोबत काय आणू नये’ हे पान उघडलं. गाणाऱ्यांची नावं एका पोस्टरवर मावली होती. न आणायच्या वस्तूंना चार पानं लागली होती.

"मामा, ते कुणीच वाचत नाही," भाचा म्हणाला.

"म्हणूनच चार पानं झालीत," मी म्हणालो.

सुरुवात कुणालाही पटेल अशी होती. हत्यारं, फटाके, पेट्रोल, ड्रोन. यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं, त्यामुळे काहीही न करता सज्जन ठरल्याचा आनंद झाला. पुढे काच. असे महोत्सव बहुतेक शेतात नाहीतर कुरणात भरतात. रात्री माणसं तिथे अनवाणी नाचतात आणि माणसं निघून गेली की त्याच गवतावर गुरं परत येतात, म्हणून काच नको. हवेत सोडायचे कागदी कंदीलही त्याच कारणाने बाद. पेटता कंदील कुणाच्या तंबूवर उतरेल ही एक भीती, आणि त्याच्या तारेचा सांगाडा चाऱ्यात मिसळून गुरांच्या पोटात जातो ही दुसरी. स्प्रेचे डबे नकोत, कारण डबा शेकोटीत टाकला तर काय होतं हे प्रत्यक्ष बघायची हौस असलेला एक तरी इसम प्रत्येक कॅम्पमध्ये असतोच. तंबूत कोळशाची शेगडी नको. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि बंद तंबूत झोपलेला माणूस मग उठत नाही. या कलमाची थट्टा मी करणार नाही.

सेल्फी स्टिकवर बंदी वाचून मात्र मी घरात एकट्याने टाळ्या वाजवल्या. कोचेला आणि लोलापालूझा या मोठ्या महोत्सवांनी २०१५ सालीच ती काठी बाहेर ठेवायला लावली होती. छत्रीही नाही, मागच्याला दिसत नाही म्हणून. आणि त्याखाली, एका ओळीत, काहीही स्पष्टीकरण न देता: वाद्ये आणू नयेत. संगीत महोत्सवाला वाद्य न्यायचं नाही! मी दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, लग्नाला जाताना आपला नवरदेव आपण घरून नेत नाही, तसंच हे.

शेवटचं कलम असं होतं: ‘इतर कोणतीही वस्तू, जी धोकादायक ठरू शकते असे सुरक्षा कर्मचाऱ्यांना वाटेल.’ म्हणजे आधीची पावणेचार पानं केवळ वाचनानंदासाठी होती.

तरीही मी चार दिवस खपून सामान भरलं. स्प्रे काढून रोल-ऑन घेतला. तेल काचेतून प्लास्टिकमध्ये आलं. आतून काच असलेला थर्मास घरी राहिला. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट मूळ पाकिटात, कारण सुट्या गोळ्या बघून तिथे कुणाला रक्तदाब आठवत नाही. एकच अडचण उरली, अंगाला लावायच्या पावडरीची. तिचा डबा पत्र्याचा. पत्र्याबद्दल यादी मौन पाळून होती. पण मी मौनाचा गैरफायदा घेणारा नाही. मी ती पांढरी पावडर एका छोट्या, पारदर्शक, वर दाबून बंद होणाऱ्या पिशवीत भरली. हवा काढली. तोंड नीट दाबलं. स्वतःवर खूश झालो.

हे वाक्य वाचताना तुमच्या मनात जे आलं ते माझ्या मनात आलं नाही, याला मी काय करू?

भाच्याने निघायच्या दहा मिनिटं आधी एक टी-शर्ट, चार्जर आणि टूथब्रश एका पिशवीत टाकला. यादी त्याने उघडलीसुद्धा नाही.

तपासणीची रांग अडीच तासांची होती. पुढे पाठीवर घर घेतलेली माणसं, मागे पाठीवर घर घेतलेली माणसं. रांगेचा एक फायदा असतो, श्रोत्यांना पळून जाता येत नाही. मी भाच्याला सांगायला घेतलं की पूर्वी असं नव्हतं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वुडस्टॉक झालं, बेथेलमधल्या एका डेअरीवाल्याच्या शेतावर. कुंपण आणि तिकीट खिडक्या पुऱ्या व्हायच्या आत माणसं येऊन शेतात बसलीसुद्धा. शेवटी आयोजकांनी सगळ्यांना फुकट सोडलं. चार लाखांच्या वर माणूस जमला. बॅग तपासायची तर आधी दार लागतं, आणि दारच नव्हतं.

"मग?" पुढच्या तंबूवाल्याने वळून विचारलं. मी उत्साहात आलो. १९७० मध्ये इंग्लंडात ग्लास्टनबरी सुरू झालं, तेही गाई-म्हशींच्या... नाही, नुसत्या गाईंच्या फार्मवर. तिकिटासोबत फार्मचं दूध फुकट! पुढे कुंपणावरून उड्या मारून येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की २००० सालच्या गर्दीनंतर २००१ मध्ये महोत्सव भरलाच नाही. २००२ मध्ये परत भरला तो उंच, भक्कम कुंपण घेऊनच. दुधापासून कुंपणापर्यंत बत्तीस वर्षं.

"मामा, रांग सरकली," भाचा म्हणाला.

टेबलाजवळ एक मोठी पेटी होती. तिच्यात आपण होऊन काहीही टाकावं, कुणी काही विचारणार नाही, अशी पाटी. मी सहज डोकावलो. लायटर, सहा-सात अत्तराच्या बाटल्या, एक बासरी, एक विळी म्हणता येईल इतका मोठा चाकू, आणि एक लहान मुलांची पाण्याची पिचकारी. बासरीवाल्याचं वाईट वाटलं.

आमच्या टेबलावरचा गार्ड कामात मुरलेला होता. त्याचं लक्ष डोळ्यांत नव्हतं, बोटांत होतं. झोपायच्या पिशवीची शिवण तो अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवत होता, आणि त्या वेळी बघत होता भलतीकडेच. पाण्याची बाटली उचलली की आधी झाकणाखालची कडी फिरवून बघायची. अखंड असेल तर पाणी, तुटलेली असेल तर ‘पाणी’. बऱ्याच विमानतळांवर २००६ पासून शंभर मिलिलिटरचा हिशोब चालतो. इथे लिटरभर न्या, पण सील हवं. माझ्या पुढच्या मुलाकडे उन्हाचं क्रीम होतं. गार्डने ट्यूब कानाशी धरून हलवली. क्रीम खळखळत नाही, हे त्या मुलाला माहीत नसावं. ट्यूब पेटीत गेली आणि मुलगा आत गेला, दोघेही एक शब्द न बोलता. अशांपेक्षा न्यू यॉर्कचा तो पठ्ठ्या बरा. २०१८ मध्ये त्याने महोत्सवाच्या काही आठवडे आधीच मैदानात खड्डा खणून दारूची बाटली पुरून ठेवली होती आणि आत रिकाम्या हाताने गेला होता. एवढं नियोजन मी निवृत्तीचंही केलेलं नाही.

मग माझी पाळी.

"सगळं बाहेर काढा, सर."

आपलं सामान आपण भरताना व्यवस्थित वाटतं. तेच टेबलावर मांडलं की दुसऱ्याच कुणाचं तरी, आणि जरा वाया गेलेल्या माणसाचं वाटायला लागतं. गुडघ्याचे पट्टे, दोन. कानातले बोळे, बारा जोड. तीन दिवसांसाठी सात आतले कपडे. गार्डने ते मोजले नाहीत, पण मागच्या दोन मुली मोजत होत्या असा मला संशय आहे. घरचा पायजमा त्याने झटकला, तेव्हा त्यातून एक रुमाल पडला आणि मागच्या कुणीतरी तो उचलून अदबीने दिला. अशा वेळी माणसाने कुठे बघायचं असतं?

आणि मग त्याच्या हाताला ती पिशवी लागली.

त्याने ती दोन बोटांनी उचलून उजेडात धरली. रांग गप्प झाली. माझ्या इतिहासाच्या व्याख्यानाला मिळाली नव्हती अशी शांतता.

"हे काय आहे, सर?"

"पावडर," मी म्हणालो. खरं बोलल्याचा पश्चात्ताप माणसाला इतक्या लवकर सहसा होत नाही.

"कसली?"

"अंगाला लावायची. डबा पत्र्याचा होता, म्हणून मी..." हे वाक्य घरी किती समंजस वाटलं होतं!

त्याने वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग गुडघ्याच्या पट्ट्यांकडे, आणि वायरलेसवर एकच शब्द बोलले. भाचा तोवर चार पावलं मागे सरकून मोबाइलमध्ये गर्क झाला होता. माझ्या बहिणीचाच मुलगा.

कुत्रं आलं. या कुत्र्यांना भुंकायला शिकवलेलं नसतं. वास लागला की ती त्या माणसापाशी शांतपणे बसतात, हे मी त्याच चार पानांसोबत कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे मी त्याच्या तोंडाकडे न बघता मागच्या पायांकडे बघत होतो. कुत्रं टेबलाशी आलं. गार्डने पिशवीचं तोंड उघडून ती जरा पुढे धरली. कुत्र्याने हुंगलं. मागचे पाय किंचित वाकले. माझे तर पूर्णच वाकले. आणि ते शिंकलं. एकदा, मग लागोपाठ तीनदा. टेबल, पायजमा, गार्डची बाही, सगळीकडे पावडर उडाली. लव्हेंडरचा वास सुटला. कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. हुशार नोकरदाराला फालतू कामासाठी उठवल्यावर तो असाच बघतो.

"ठीक आहे," वरिष्ठ म्हणाले आणि हसू लपवायला कुत्र्यासोबतच निघून गेले.

आता सुटलो असं वाटलं, तर गार्डने तंबूच्या पिशवीच्या तळातून हातोडी काढली. लहानशी, लोखंडी, तंबूसोबतच आलेली.

"हातोडी आत जाणार नाही, सर."

"यादीत नाही," मी म्हणालो. चारही पानं मला पाठ होती.

"शेवटचं कलम," तो म्हणाला.

"मग खुंट्या कशाने ठोकू?"

"खुंट्या आत नेता येतील, सर."

अणकुचीदार, लोखंडी, वीतभर लांबीच्या चौदा खुंट्या त्याने मला अदबीने परत दिल्या. भोसकायला परवानगी होती, ठोकायला नव्हती. मी वाद घातला नाही. कुत्रं अजून नजरेच्या टप्प्यात होतं. हातोडी पेटीत पडली, खण्ण असा आवाज झाला. भाच्याच्या पिशवीवर गार्डने वरूनच हात फिरवला आणि त्याला जाऊ दिलं. दोन सेकंद.

फाटकापासून शंभर पावलांवर कॅम्पिंगच्या सामानाचं अधिकृत दुकान होतं. दर्शनी भागात हातोड्या टांगल्या होत्या. रबराच्या. मी काही न बोलता एक घेतली.

पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी वैभव पाहिलं. आजूबाजूला दोनशे तंबू, आणि प्रत्येक तंबूपाशी कुणीतरी गुडघ्यावर बसून बुटाने खुंटी ठोकतंय. थप, थप, थप. बूट निसटतोय, खुंटी वाकतेय, जोडपी अबोला धरतायत. माझा तंबू वीस मिनिटांत उभा! मग लोक यायला लागले. "मामा, जरा हातोडी?" भाच्याच्या तोंडून ऐकून सगळा कॅम्पच मला मामा म्हणायला लागला होता. हातोडी माझ्याकडून गेली की आठ तंबू फिरून परत यायची. बासरीवालाही भेटला. तो मी समजत होतो तसा कुणी कोवळा कलावंत नव्हता, तर पन्नाशीला शोभणारं पोट असलेला गृहस्थ निघाला. त्याचेही गुडघे दुखत होते. पट्ट्यांपैकी एक त्याला दिला.

मला वाटलं होतं तपासणी एकदाच असते. तसं नसतं. राहायच्या भागातून स्टेजच्या भागात जाताना दुसरं फाटक, दुसरी रांग आणि दुसरी यादी. तंबूपाशी चालणारी घडीची खुर्ची तिथे चालत नाही. सीलबंद पाणी चालतं, पण झाकण काढून घेतात. भरलेली बाटली बंद असली तर फेकून मारता येते, उघडी असली तर ती वाटेतच रिकामी होते, असं त्यामागचं शास्त्र. शास्त्र बरोबर आहे. फक्त पुढचे दोन तास नाचणाऱ्या माणसांच्या गर्दीत काठोकाठ भरलेली उघडी बाटली सांभाळत उभं राहून बघा. मी एकही गाणं नीट ऐकलं नाही, पण एक थेंबही सांडला नाही.

हे मात्र नंतरचं. त्याआधी फाटकावर एका मुलीने माझी अंगझडती घेणारा दांडा फिरवला. तो वाजला नाही. मग तिने जाकिटाच्या खिशावर हात ठेवला आणि थांबली.

"सर, खिशात काय आहे?"

शेवटच्या तंबूवाल्याने घाईत परत दिली होती. मीही घाईत खिशात टाकली होती.

"मामा!" भाचा कळवळून म्हणाला. या वेळी तो मागे सरकला नाही, हे नोंदवून ठेवतो.

मी काही न सांगता पेटीपाशी गेलो. या हातोडीचा पेटीत पडल्यावर आवाजसुद्धा झाला नाही.