‘पळवाटा शिकवता’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

‘गृहकर्ज थकलं, बँकेची नोटीस आली, आता काय?’ या माझ्या लेखाखाली ‘प्रामाणिक हप्तेदार’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. खरं नाव दिलेलं नाही. तिच्यात चार मुद्दे आहेत. पहिला: ‘मॅडम, तुम्ही घरबसल्या थकबाकीदारांना पळवाटा शिकवताय. फेडायची ऐपत नव्हती तर कर्ज घेतलंच कशाला?’ दुसरा: नोटीस लागलेल्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळत नाही, त्यामुळे ‘लिलावाआधी स्वतः विका’ हा सल्ला कागदावरच शोभतो. तिसरा: एकरकमी तडजोडीने (बँकेने सूट देऊन कर्ज एकदम मिटवण्याने) सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होतं, हे मी लिहिलं नाही. चौथा: लेखातला सरफेसी कायदा, म्हणजे कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणारा कायदा, पतसंस्थेच्या कर्जाला लागू नाही, तेही सांगितलं नाही.

चौथा मुद्दा मान्य. पतसंस्था सरफेसी कायद्याखाली येत नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि तिचा वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जप्ती आणि लिलाव करतो. लेखात ती ओळ आता घातली आहे. सहकारी बँक मात्र सरफेसीखाली येते. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली तो वाद कायमचा मिटवला. लक्ष वेधल्याबद्दल आभार.

आता पहिल्या मुद्द्याकडे, कारण तो मुद्दा नाहीच, आरोप आहे. मतभेद मला चालतात. पण ‘घरबसल्या’ हे कशाच्या आधारावर लिहिलंत? माझी नोकरी एका सहकारी बँकेत झाली, त्यातला मोठा काळ वसुली विभागात. ताबा नोटीस दारावर कशी चिकटवतात ते तुम्ही पाहिलं नसेल. प्राधिकृत अधिकारी, दोन पंच, गोंदाची बाटली, आणि नोटिशीसकट दाराचा फोटो काढणारा एक जण. सोसायटीचा वॉचमन लिफ्टपाशी उभा असतो, समोरच्या फ्लॅटचं दार बोटभर उघडतं आणि मिटतं. एका घरी आम्ही गेलो तेव्हा मुलगी शाळेच्या गणवेशात दारात होती. तिने कागद वाचला आणि आत जाऊन आजीला म्हणाली, ‘बँकेचे काका-काकू आलेत.’ त्या काकूंमधली एक मी होते. मी तेव्हा बँकेच्या बाजूने उभी होते आणि बँकेचा पैसा बुडू नये असं मला आजही वाटतं, कारण तो ठेवीदारांचा असतो. तेव्हा हप्त्याची किंमत मला शिकवू नका.

तर पळवाटा. मी लेखात सांगितलं काय? हप्ता थकून ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत वाटेवरचं, होतं. मग सरफेसीच्या कलम १३(२) ची, थकबाकी भरा असं सांगणारी नोटीस येते, तिला ६० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत लेखी हरकत देता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ही तरतूद मी घरी बसून रचलेली नाही. २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरफेसी कायदा वैध ठरवला, पण कर्जदाराचं म्हणणं बँकेने विचारात घेतलंच पाहिजे असंही बजावलं. त्यानंतर संसदेने कायद्यात १३(३अ) हे कलम घातलं. त्याच निकालाने कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागण्याआधी ७५ टक्के रक्कम भरायची अट रद्द केली. बँकेने ताब्याची कारवाई केली की कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात, हेही कायद्यातच लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालय आणि संसद दोघांनी मिळून दिलेल्या हक्काला तुम्ही पळवाट म्हणता, आणि वर मला जबाबदारीने लिहायला सांगता?

खरी पळवाट शिकवणारे लोक वेगळे आहेत. ‘स्टे आणून देतो, पाच वर्षं कुणी हात लावत नाही’ म्हणत ते फी घेतात. प्रत्यक्षात न्यायाधिकरण स्थगिती देताना बहुधा आधी काही रक्कम भरायला लावतं, आणि थेट उच्च न्यायालयात धाव घेणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून वारंवार मागे फिरवलं आहे. त्यातच २०१६ च्या दुरुस्तीने सगळी थकबाकी भरून मालमत्ता सोडवून घ्यायची मुदत अलीकडे आणली. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत वेळ असे. आता लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की तो हक्क संपतो. बाफना मोटर्सच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने लिलाव झाल्यावरही कर्जदाराला मालमत्ता सोडवू दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो निकाल फिरवला. म्हणून माझ्या लेखाचा सगळा जोर वेळकाढूपणा करू नका यावर होता. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असता तर हे दिसलं असतं.

‘ऐपत नव्हती तर घेतलंच कशाला’ याबद्दल. २०२१ मध्ये कर्ज घेतलेल्याची ऐपत त्या वेळच्या व्याजदराने मोजली होती, आणि ती बँकेनेच मोजली होती. तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढत गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ वर पोचला. ३० लाखांच्या, २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता ६.७ टक्क्यांनी साधारण २२,७०० बसतो आणि ९.२ टक्क्यांनी २७,४०० च्या आसपास. अनेकांना व्याज वाढल्याचं कळलंही नाही, कारण बँकांनी हप्ता तोच ठेवून गुपचूप मुदत वाढवली. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की कर्जदाराला नीट कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत याचा पर्याय द्या. एखाद्याची नोकरी जाते, एखाद्या घरात डायलिसिस सुरू होतं. या सगळ्यांना एका वाक्यात अप्रामाणिक ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

माझ्या सख्ख्या भावाचं उदाहरण देते, नाहीतर हेही घरबसल्या लिहिलंय म्हणाल. दादाचा लग्नपत्रिका छापायचा धंदा होता. २०२० मध्ये लग्नं थांबली, मग पन्नास माणसांत व्हायला लागली आणि पत्रिका मोबाइलवर गेल्या. डोंबिवलीच्या फ्लॅटचे हप्ते थकले. बँकेची पाकिटं यायची ती वहिनी देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये न फोडता ठेवायची. वसुलीत नोकरी केलेली बहीण असताना त्याने मला सगळ्यात शेवटी सांगितलं, इतकी लाज माणसाला वाटते. प्रामाणिक हप्तेदार, ही लाज तुमच्यासारख्यांच्या बोलण्यातूनच येते, आणि तिच्यापायी लोक साठ दिवस पाकीट फोडत नाहीत.

ड्रॉवरमधलं १३(२) चं पाकीट फोडलं तेव्हा थोडी मुदत उरली होती. नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, असं कलम १३(१३) सांगतं. म्हणून आधी बँकेकडे विक्रीच्या परवानगीचा अर्ज केला, सोबत आजअखेर थकबाकीचं पत्र मागितलं. दंडाची रक्कम दोन ठिकाणी धरलेली निघाली, ती लेखी हरकत घेऊन कमी करून घेतली. त्याच इमारतीत भाड्याने राहणाऱ्या एका कुटुंबाने फ्लॅट घेतला. थकबाकीएवढी पे ऑर्डर थेट बँकेच्या नावाने निघाली, उरलेली दादाच्या. बँकेचा पैसा वसूल झाला, ठेवीदार सुरक्षित राहिले आणि दादाच्या हातात काही लाख आले. तो आता भाड्याच्या घरात राहतो आणि कुणाचं देणं लागत नाही. यात कोण कुठून पळालं, ते मला दाखवून द्या.

हाच फ्लॅट लिलावात गेला असता तर ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर गेला असता. अशा जाहिरातीला बोली लावणारा बाजारभाव देत नाही. वसुलीचा खर्च कर्जदाराच्या खात्यावर पडतो, आणि रक्कम कमी आली तर उरलेली वसूल करायला बँक कर्जदार आणि जामीनदार दोघांच्या मागे येते.

गिऱ्हाईक मिळत नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा. मिळतं, वर सांगितलंच. भाव थोडा पडतो, शोधावं लागतं, त्यात नवीन काही नाही. सिबिलवर ‘सेटल्ड’ शेरा बसतो हे खरं, पण डोक्यावरचं छप्पर जात असताना सिबिलची चिंता दुय्यम आहे. एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, बँकेची मर्जी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे आणि माझ्या लेखात ते होतं. या दोन मुद्द्यांवर याहून जास्त वेळ घालवायची मला गरज वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढे लिहाल तेव्हा कलमाला धरून लिहा. माझ्या वाचकांना चोर म्हणायचं असेल तर त्यासाठी दुसरी जागा शोधा.

तुमच्या प्रतिक्रियेखाली एका ताईंनी विचारलं आहे की नोटीस हातात पडून दीड महिना झाला, आता हरकत देऊन उपयोग आहे का. ताई, आहे. साठ दिवस व्हायचे आहेत. उद्याच बँकेत जा. अर्जात खातं क्रमांक, नोटिशीची तारीख, तुमच्या मते चुकीची धरलेली प्रत्येक रक्कम आणि तुम्ही किती, कधी भरू शकता ते लिहा. फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. शाखेने पोच दिली नाही तर त्याच दिवशी नोटिशीवर सही असलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.