बेळगावखाली लाव्हा उकळत नाही, बोअर खुशाल मारा

“बेळगावकरांनो सावध! आपल्या पायाखाली झोपलेला ज्वालामुखी जागा होतोय.” हा मेसेज महिनाभर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मी दुर्लक्षच केलं असतं, पण बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या आत्यानं ठरलेली बोअर रद्द केली. “नको रे बाबा, खालचं लाव्हा वर येतंय म्हणे की!” मशीनवाल्याला दिलेला ॲडव्हान्स बुडाला तो बुडालाच. म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजचा मुख्य ‘पुरावा’ असा: पहाटे बोअरचं पाणी कोमट लागतं, म्हणजे लाव्हा जवळ आलाय. अहो, जमिनीखालचं पाणी बाराही महिने जवळपास एकाच तापमानाचं असतं. माघातल्या पहाटे हवा गारठलेली, म्हणून ते कोमट वाटतं. तेच पाणी वैशाखात दुपारी अंगावर घ्या, गारेगार लागेल. मग लाव्हा उन्हाळ्यात सुट्टीवर जातो काय? खोल जावं तसं तापमान वाढतं हे खरं, पण किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंश. तेही सगळ्या जगात, एकट्या येळ्ळुरात नव्हे.

दुसरा मुद्दा काळ्या दगडाचा: तो लाव्हाचा, म्हणजे खाली ज्वालामुखी असणारच. इथं मेसेजवाल्याला अर्धे गुण देतो, नाइलाजानं. आपला काळा कातळ लाव्हाचाच आहे. पण तो लाव्हा वाहिला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आणि तोही एका डोंगराच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीच्या लांबलचक भेगांतून, थरावर थर. येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढा, कुठंही ज्वालामुखीचं तोंड सापडणार नाही. गड म्हणजे आजूबाजूचे थर झिजून गेल्यावर मागं उरलेला तुकडा. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते त्या लाव्हाचा उगम ज्या तप्त ठिकाणातून झाला ते आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. चूल तिथंच राहिली, आपला तवा, म्हणजे भारताचा भूखंड, उत्तरेला सरकत इथवर आला. रियुनियनचा ज्वालामुखी अजून धुमसतो. आपल्याखाली तसं काही नाही.

जांभ्याच्या, म्हणजे आपल्या तांबड्या दगडाच्या, भोकांना लाव्हाचे बुडबुडे म्हणणाऱ्यानं खाणीवर चिरे काढताना कधी पाहिलेलं नाही. ताजा चिरा कुऱ्हाडीनं तासता येतो, वाऱ्या-उन्हात घट्ट होतो. पाऊस आणि ऊन आलटून पालटून सोसत मूळ खडकातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, त्याचा तो जांभा. बुडबुड्यांची भोकं असतात ती काळ्या दगडात, त्यात कधीकधी पांढरे खडे भरलेले. मेसेजवाल्यानं नेमका उलटा दगड धरला.

राहिला गोकाकचा धबधबा, म्हणे भूकंपानं एका रात्रीत झाला. रॉबर्ट ब्रूस फूट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी आपला हा मुलूख पालथा घालून गेले, त्यांचा अहवाल १८७६ चा. गोकाकचे वालुकाश्म ज्या खडकगटात येतात, त्याला कलादगी हे नाव त्यांनीच दिलं. हा गट बेळगावच्या काळ्या दगडाच्या कितीतरी आधीचा, आणि लाव्हाचा नाहीच. भिंग लावा, वाळूचे कण दिसतील. घटप्रभा तिथं ५२ मीटर खाली उडी घेते. कठीण थराच्या भेगांत पाणी घुसतं, पायथा पोखरतो, ठोकळे सुटून पडतात आणि धबधबा इंचाइंचानं मागं सरकतो. खालची घळ हा त्या सरकण्याचा माग. भूकंप आपल्या भागाला नवा नाही, १९६७ चं कोयना विसरलेलो नाही. पण त्याचा लाव्हाशी संबंध नाही.

आत्या, बोअर मार. धास्ती घ्यायचीच तर कोरड्या कातळाची घे. काळ्या दगडात पाणी मिळतं ते भेगांत, नाहीतर दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात. म्हणून आधी शेजारच्या विहिरी किती खोल आहेत आणि कुठल्या थराला पाणी लागलं ते विचार, जागा मग ठरव.