प्लास्टर निघालं म्हणजे पाय बरा झाला असं नाही

घोटा मोडल्यावर पुन्हा चालायला लागण्याबद्दलचा एक लेख वाचला, त्यात म्हटलंय की सहा आठवड्यांनी हाड जुळलं की हळूहळू चालणं वाढवा, ते बरोबरच आहे पण घोट्याच्या ताठरपणाबद्दल अजून लिहायला हवं होतं. माझा उजवा घोटा मागच्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरून मोडला, बाहेरच्या बाजूचं हाड, ऑपरेशन लागलं नाही. प्लास्टर काढलं तेव्हा पोटरी बघून रडूच आलं, डाव्या पायाच्या मानाने एवढीशी झाली होती, कातडी कोरडी आणि पाय टेकवायचीसुद्धा भीती. फिजिओ ताईंनी आधी चालायला लावलंच नाही, पाय लांब करून बसायचं, चवड्याला टॉवेल अडकवून आपल्याकडे ओढायचं, मग भिंतीला हात लावून दोन्ही टाचा उचलायच्या, आणि एका पायावर तोल धरायचं तर रोज दात घासताना करायचे मी. स्टॅटिक सायकल खूप उपयोगी पडली कारण त्यात सगळं वजन पायावर येत नाही. आणि जिना चढण्यापेक्षा उतरणं जास्त अवघड जातं हो, खालच्या पायरीवर चांगला पाय ठेवेपर्यंत मागचा घोटा पुरेसा वाकावा लागतो आणि तोच तर आखडलेला असतो. संध्याकाळी सूज यायची, पाय उशीवर उंच ठेवून पडायचं, सकाळपर्यंत उतरली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी. पळायची घाई कृपया करू नका, आधी दुखऱ्या एका पायावर टाच न दुखता उचलता येतेय का बघा आणि डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.