पिओरियाची सरासरी

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला. पुण्यात असतो, इंजिनिअर आहे, इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात नोकरीची ऑफर आलीये. म्हणजे मी जिथे अकरा वर्षं राहतोय तिथेच. सोबत कुठल्याशा वेबसाइटवरचा स्क्रीनशॉट होता. लोकसंख्या १,१३,१५० (२०२० ची जनगणना). घरांच्या किमती दीड लाख डॉलरच्या आसपास. दारिद्र्यरेषेखाली पाचातला एक. निम्म्याहून थोडे जास्त गोरे, चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त कृष्णवर्णीय, पाच-सहा टक्के आशियाई. आणि खाली प्रश्न: "मामा, गाव बरंय ना? आकडे सगळे मधलेच दिसतायत."

मी "बरंय" टाइप केलं, मग पुसलं. म्हटलं, एवढ्यावर भागणार नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. भाचा वाचेल, आणि इकडे यायच्या विचारात असलेले बाकीचेही वाचतील.

त्याला 'मधलं' दिसलं यात त्याची काही चूक नाही. पिओरियाची अख्खी ख्यातीच तेवढ्यावर आहे. शंभर वर्षांपूर्वी इथे वॉदव्हिलचे, म्हणजे नाच-गाणी-नकलांचे, फड यायचे आणि "विल इट प्ले इन पिओरिया?" असं विचारलं जायचं. हे पिओरियात चालेल का? इथे चाललं तर देशभर चालणार. पुढे निक्सनच्या काळात व्हाइट हाउसमधली मंडळीही राजकारणाबद्दल हेच विचारायला लागली आणि साबण-खाऊ विकणाऱ्या कंपन्या नवा माल आधी इथल्या दुकानांत ठेवून बघायला लागल्या. सरासरी अमेरिकन माणूस कुठे राहतो, तर पिओरियात!

तो माणूस अकरा वर्षांत मला भेटलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी सेन्सस ब्यूरोचा जाडजूड लिफाफा घरी आला. दर दहा वर्षांची शिरगणती वेगळी. हा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे, दरवर्षी काही घरं निवडून त्यांना पाठवतात, आणि भरणं कायद्याने बंधनकारक. शनिवारी दुपारी मी आणि बायको जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरून बसलो. घरात खोल्या किती? नळाला गरम पाणी येतं का? कामावर जायला किती वाजता निघता, किती मिनिटं लागतात? (चौदा.) इंग्रजी सोडून घरी दुसरी भाषा बोलता का, कुठली? तिथे मी एकेक अक्षर डब्यात बसवत 'मराठी' लिहिलं. मग उत्पन्नाचा रकाना आला. माझा आकडा लिहिला, तिचा लिहिला, बेरीज केली. बायको म्हणाली, "अरे, आपण गावाची सरासरी वर नेतोय की!"

हसलो तेव्हा. पण गोष्ट खरी आहे. भाच्याला दिसलेले 'मधले' आकडे असेच तयार होतात. आमच्यासारखी दोन पगारांची घरं एका पारड्यात आणि खालच्या भागातली घरं दुसऱ्यात. काटा मध्ये स्थिरावतो. त्या मधल्या आकड्यावर राहतं कोण?

'खालचा भाग' हे मी अलंकारिक म्हणत नाहीये. पिओरिया इलिनॉय नदीच्या काठावर आहे आणि नदीपासून थोडं आत आलं की जमीन एकदम उंच चढते. त्या चढाला इथे 'ब्लफ' म्हणतात. वेस्ट ब्लफ, ईस्ट ब्लफ. खाली सपाटीवर गिरण्या, रेल्वे, कामगारांची घरं. वर श्रीमंतांचे वाडे. ब्लफच्या कडेने जाणारा ग्रँडव्ह्यू ड्राइव्ह बघून १९१० साली थिओडोर रूझवेल्ट म्हणाला, जगातला सर्वांत सुंदर रस्ता. इथल्या रेडिओ स्टेशनने त्याचीच ('वर्ल्ड्स मोस्ट ब्यूटिफुल ड्राइव्ह') आद्याक्षरं घेऊन डब्ल्यूएमबीडी नाव लावलं, अजून तेच आहे.

याच गावात १९२१ साली बेटी फ्रीडन जन्मली, स्त्रीमुक्तीवाली. बापाचं दागिन्यांचं दुकान होतं, घर वेस्ट ब्लफवर. आणि याच गावात १९४० साली रिचर्ड प्रायर जन्मला, अमेरिकेतल्या स्टँडअपचा बाप म्हणतात तो. तो वाढला खाली, आजीच्या कुंटणखान्यात. सरासरी गावाने दिलेली ही दोन माणसं. काढा यांची सरासरी!

आता लोकसंख्येकडे वळतो, कारण तिथेही गंमत आहे. १९६० मध्ये पिओरिया १,०३,१६२ होतं, १९७० मध्ये १,२६,९६३. आकडा बघून वाटतं, काय भरभराट. प्रत्यक्षात १९६४ साली उत्तरेकडच्या रिचवुड्स टाउनशिपचा मोठा भाग शहरात ओढून घेतला. आपल्याकडे महापालिकेत आजूबाजूची गावं घेतात तसंच. त्यानंतर शहर उत्तरेकडे मक्याच्या शेतांत पसरत राहिलं आणि माणसं मात्र घटली. म्हणजे तेवढ्याच, किंबहुना कमी, करदात्यांनी जास्त लांबीचे रस्ते, जास्त गटारं, जास्त बर्फ काढायचा. जुनी घरं खाली रिकामी पडतात, नवी वर बांधली जातात.

आणि यातली खरी ग्यानबाची मेख: शहराची हद्द हलली तरी शाळांची हद्द हललीच असं नाही. अमेरिकेत शाळा-जिल्हा हा महापालिकेपासून वेगळा कारभार असतो, आणि शाळेच्या पैशातला मोठा वाटा त्या जिल्ह्यातल्या घरपट्टीतून येतो. त्यामुळे एकाच पिओरिया शहरात, एकाच महापौराच्या हाताखाली, खालची मुलं पिओरियाच्या सरकारी शाळांत जातात आणि उत्तरेच्या टोकाची मुलं डनलॅप जिल्ह्याच्या शाळांत. इथे उतरलेल्या कुठल्याही भारतीयाला विचारा. पहिल्या आठवड्यात कुणीतरी कानात सांगतंच, "घर डनलॅपमध्येच बघ हं." मलाही सांगितलं. मीही ऐकलं. माझी मुलगी तिथेच शिकते, हे लपवून ही पोस्ट लिहिण्यात अर्थ नाही.

खाली मॅकआर्थर हायवेच्या बाजूला, ६१६०५ या पिनकोडात, मी पहिली पाच वर्षं पाऊल ठेवलं नव्हतं. इलिनॉयमधल्या सर्वांत गरीब पिनकोडांत त्याची गणना होते. २०१८ मध्ये एका मोठ्या किराणा साखळीने गावातली दोन दुकानं बंद केली, त्याचा फटका याच बाजूला बसला. मंदिरातल्या काही जणांबरोबर धान्यवाटपाला मी पहिल्यांदा तिकडे गेलो. पाण्याची बाटली घ्यायला एका डॉलर-दुकानात शिरलो. फडताळावर चिप्स, डबाबंद बीन्स, डबाबंद पीच, सोड्याचे ढीग. कांदा नाही. बटाटा नाही. गल्ल्यावरच्या बाईंना सहज विचारलं, "भाजी कुठे मिळते?" त्या म्हणाल्या, "बसने. पण तुमच्याकडे गाडी असेल ना?" होती. बाहेरच उभी होती. घरापासून तिथवर यायला पंचवीस मिनिटंही लागली नव्हती.

या दोन टोकांच्या मध्ये एक कंपनी होती, कॅटरपिलर, म्हणून गाव इतकी वर्षं एकसंध वाटलं. कंपनीच्या आधी मका होता. मका, चांगलं पाणी, नदी आणि रेल्वे, यांच्या जिवावर एकोणिसाव्या शतकात पिओरिया व्हिस्कीची राजधानी होतं. १८८७ साली अख्ख्या देशाच्या दारूधंद्याला मुठीत घेऊ पाहणारा 'व्हिस्की ट्रस्ट' इथूनच चालायचा. मग दारूबंदी आली. (मक्याने पुढे आणखी एक पराक्रम केला. दुसऱ्या महायुद्धात इथल्या सरकारी प्रयोगशाळेत मक्यातून स्टार्च काढल्यावर उरणाऱ्या पाण्यावर पेनिसिलिनची बुरशी जोमाने वाढते हे कळलं, आणि १९४३ मध्ये पिओरियाच्या बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर हवी तशी बुरशी सापडली. तुमच्या-आमच्या आज्या ज्या इंजेक्शनांनी वाचल्या, त्यांचा माग या खरबुजापर्यंत जातो.)

१९०९ साली कॅलिफोर्नियाच्या बेंजामिन होल्टने नदीपलीकडचा एक दिवाळखोर कारखाना विकत घेतला. १९२५ मध्ये विलीनीकरण होऊन कॅटरपिलर झाली. पिवळे बुलडोझर, पिवळे एक्स्कॅव्हेटर. आपल्या संभाजीनगरला शेंद्र्यात पर्किन्सचा इंजिन कारखाना आहे, ती पर्किन्सही कॅटरपिलरचीच.

माझे शेजारी तिथून निवृत्त झालेत. ऐंशीला टेकलेले, उन्हाळ्यात गॅरेजचं दार उघडून खुर्ची टाकून बसतात, डोक्यावर कंपनीची टोपी. "माझं रक्त पिवळं आहे" हे इथल्या जुन्या माणसांचं नेहमीचं वाक्य. ते मात्र त्याला पुढे जोडतात, "पण पिवळं रक्तही सांडतं." १९८२ चा संप २०५ दिवस चालला, त्यात ते होते. त्याच सुमारास हायरम वॉकरची डिस्टिलरी बंद झाली, पाब्स्टची ब्रुअरी बंद झाली, आणि कॅटरपिलरला तीन वर्षांत शंभर कोटी डॉलरच्या आसपास तोटा झाला. १९९४ मध्ये पुन्हा संप, तो सतरा महिने. पूर्वी बारावी पास मुलगा कारखान्यात चिकटला की घर, गाडी, नदीवर बोट, सगळं व्हायचं. ते म्हणतात, "आम्ही श्रीमंत नव्हतो, पण आम्ही मध्ये होतो." तो 'मध्ये' म्हणजे हाच, गावाला सरासरी मिळवून देणारा. संपांनंतर, रोबोटांनंतर, काम दक्षिणेकडच्या राज्यांत आणि परदेशात गेल्यानंतर तो पातळ होत गेला. परदेशात म्हणताना ते माझ्याकडे बघून थांबतात. मीही टोपीकडे बघतो.

२०१५ च्या फेब्रुवारीत कंपनीने डाउनटाउनमध्ये भव्य नवं मुख्यालय बांधायचं जाहीर केलं. त्याच सप्टेंबरमध्ये दहा हजारांपर्यंत नोकरकपातीची घोषणा. त्या वर्षी आमच्या गणपतीला हॉल अपुरा पडला होता. पुढच्या वर्षी मोदक उरले. कंत्राटावरची घरंच्या घरं तीन-चार महिन्यांत उठली, कुणी डॅलस, कुणी थेट पुणे. २०१७ च्या जानेवारीत सांगण्यात आलं की मुख्यालय शिकागोकडे जाणार. २०२२ मध्ये तिथूनही टेक्ससला. शिकागोकडे गेलेले वरिष्ठ साधारण तीनशेच, आणि परिसरात तेव्हा बारा हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. तरी गाव सुतकात होतं. बाहेरच्यांना ते नाटकी वाटलं. मला नाही वाटलं. तीनशे पगार गेले तर त्यांच्यामागून वकील, विमानांच्या फेऱ्या, नाट्यगृहाच्या देणग्या हेही जातं, आणि निर्णय घेणारा माणूस गावातल्या किराणा दुकानात भेटायचा बंद होतो.

गाव मेलं का? नाही. आज सर्वांत जास्त नोकऱ्या देणारं म्हणजे ओएसएफ, नन्सनी १८७७ मध्ये सुरू केलेलं हॉस्पिटल. अ‍ॅडम्स स्ट्रीटवरच्या एका जुन्या, प्रचंड डिपार्टमेंट स्टोअरच्या इमारतीत त्यांनी मुख्यालय थाटलंय, फार देखणं. २०२१ मध्ये रीटा अली निवडून आल्या, गावच्या पहिल्या महिला आणि पहिल्या कृष्णवर्णीय महापौर. पण हॉस्पिटलची अर्थव्यवस्था कारखान्यासारखी नसते. वर सर्जन, खाली सफाई आणि किचन, मधल्या पायऱ्या चढायला डिग्री लागते. मधला आकडा तोच राहील कदाचित, मधली माणसं मात्र बदलली.

भाच्याला दिसलेली स्वस्त घरं? स्वस्त आहेतच. करोनानंतर लांबून माणसं येऊन घेतायत. फक्त घरपट्टी मोजून घे बाबा, घराच्या किमतीच्या अडीच-तीन टक्के, दर वर्षी. आणि स्वस्त का आहेत तेही विचार. ज्या गावात १९७० पेक्षा आज माणसं कमी आहेत, तिथे घरं महाग होणार कशी?

आपल्या लोकांच्या गप्पांत पिओरिया म्हणजे "सेफ, स्वस्त, बोअर" एवढंच असतं. मला हल्ली याचा राग येतो. सेफ कुणासाठी, स्वस्त कशामुळे, हे न विचारता आपण डनलॅपमधून ऑफिस आणि ऑफिसमधून डनलॅप करत राहतो, आणि वर "अमेरिकेत गरिबी कुठे दिसते?" असंही म्हणतो. दिसणार कशी, आपण नॉक्सव्हिल अव्हेन्यूवरून खाली उतरतच नाही.

भाच्याला शेवटी लिहिलं: ऑफर चांगली असेल तर ये. कोट जाड आण. पहिल्या शनिवारी तुला गाव दाखवतो, खालून सुरुवात करू.

त्याचं उत्तर आलं, "खालून म्हणजे? मॅपमध्ये तर सगळं सपाट दिसतंय, मामा."